पूर्वयोजित पोलादी इमारती
शेतकऱ्यानें समजून घ्यावयाची मूलतत्त्वें

शेतकीच्या धंद्यांत पीक काढणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच काढलेलें पीक राखणें महत्त्वाचें होय. खळ्यावरचें धान्य, खताचीं पोतीं, मळणीचीं यंत्रें, ट्रॅक्टर व दुभतीं जनावरें ह्या सर्वांस डोक्यावर भक्कम छप्पर हवें. पूर्वीं हें काम सागवानी खांब, तुळया, वासे व कौलें यांवर भागत असे. पुढें लोखंडी कैच्या आणि पन्हळी पत्रे आले. अलीकडे मोठ्या खातेदारांत व सहकारी संस्थांत "पीईबी शेड" ह्या नांवानें ओळखिल्या जाणाऱ्या इमारतीचा प्रसार वाढत चालला आहे. तिचें पूर्ण नांव पूर्वयोजित पोलादी इमारत असें देतां येईल. पाहतां पाहतां उभी राहणारी, मध्यें खांब नसलेली व दिसण्यांत सुबक अशी ही इमारत शेतकऱ्याच्या मनांत भरते, आणि पुष्कळ वेळां कर्ज काढून ती बांधिली जाते. परंतु जी वस्तु आपण विकत घेत आहों तिचें मर्म काय, हें ठाऊक नसल्यामुळें पैसा खर्चूनही धोका पदरीं येतो. म्हणून ह्या लेखांत आम्ही त्या इमारतीचीं मूलतत्त्वें सोप्या रीतीनें मांडण्याचें योजिलें आहे.

ही इमारत म्हणजे काय

सामान्य शेड बांधतांना आपण बाजारांतून अँगल, पाइप किंवा गर्डर आणतों, वेल्डर जागेवर येऊन ते कापतो व जोडतो, आणि काम होईल तसतसा पुढचा विचार होत जातो. पूर्वयोजित इमारतीची रीत ह्याच्या उलट आहे. तिच्यांत आधीं सर्व हिशेब होतो. जागा कोणती, तेथें वारा किती वेगाचा धरावा, रुंदी व उंची किती, छपरावर काय ठेवणार, दारें कोठें, हें सर्व ठरवून इंजिनियर प्रत्येक खांब, प्रत्येक वासा व प्रत्येक बोल्ट यांची मापें काढतो. त्याबरहुकूम कारखान्यांत पट्ट्या कापून, भोकें पाडून व वेल्डिंग करून भाग तयार होतात. त्यांवर खुणेचे क्रमांक घालितात आणि मग ते गाडींत भरून जागेवर येतात. जागेवर उरतें तें केवळ बोल्टांनीं जोडण्याचें काम.

ह्यांत बचत कोठून होते तें पाहावें. झाडाची फांदी खोडाशीं जाड व टोंकाशीं बारीक असते, कारण भार खोडाशीं अधिक पडतो. पूर्वयोजित सांगाड्यांत हाच न्याय लाविलेला असतो. खांब व छपराचा वासा जेथें मिळतात त्या कोपऱ्यावर वांकविण्याचा जोर सर्वांत अधिक असतो, म्हणून तेथें पोलाद रुंद ठेवितात. खांबाच्या तळाशीं तो जोर बहुधा नाममात्र असतो, म्हणून तेथें खांब अरुंद करितात. खालीं निमुळता व वर रुंद असा हा खांब पाहून पुष्कळांस तो उलटा उभा केला आहे कीं काय असें वाटतें. परंतु त्याचें तसें असणेंच बरोबर आहे. बाजारी गर्डर मात्र टोंकापासून टोंकापर्यंत एकाच मापाचा असल्यामुळें, जेथें जोर नाहीं तेथेंही त्यांत पोलाद खर्ची पडतें.

दुसरी गोष्ट पोलादाच्या जातीची. इमारतींत वापरावयाच्या साध्या पोलादाची ताकद दर चौरस मिलिमीटरास सुमारें २५ किलो धरितात. ह्या सांगाड्यांसाठीं बहुधा सुमारें ३५ किलो ताकदीचें पोलाद वापरितात. डोळ्यांस दोन्ही सारखींच दिसतात. म्हणून तुटलेल्या भागाच्या जागीं गांवांतील दुकानांतली तेवढ्याच जाडीची पट्टी लाविली, तर दिसण्यांत फरक पडत नाहीं, पण ताकदींत पडतो.

ह्यावरून ह्या इमारतीचा मुख्य गुण व मुख्य दोष एकाच ठिकाणीं असल्याचें दिसून येईल. तिच्यांत फाजील पोलाद नसतें. जुन्या वाड्याच्या सुताराला हिशेब येत नसे म्हणून तो दुप्पट जाडीची तुळई घाली. तींत एखादें भोंक पडलें किंवा वाळवी लागली तरी वाडा उभा राही. पूर्वयोजित इमारतींत तशी शिल्लक ठेविलेली नसते. जो हिशेब केला असेल तो खरा, आणि तो पाळला जाईल तोंपर्यंतच इमारत खरी.

थोडा पूर्वेतिहास

इमारतीचे भाग एका ठिकाणीं करून दुसऱ्या ठिकाणीं जोडावयाचे, ही कल्पना नवी नाहीं. हेन्री पामर ह्या इंग्रज इंजिनियरानें १८२९ सालीं पन्हळी लोखंडी पत्र्याचें पेटंट घेतलें. १८५१ सालीं लंडन येथील प्रदर्शनासाठीं जोसेफ पॅक्स्टन यानें लोखंड व कांच यांचे ठराविक मापाचे भाग जोडून क्रिस्टल पॅलेस उभा केला. आपल्या मुंबईंत काळाघोड्याजवळ १८६० नंतरच्या दशकांत बांधिलेल्या वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा विलायतेंत तयार होऊन जहाजानें आला होता. ती इमारत पुढें एस्प्लनेड मॅन्शन ह्या नांवानें ओळखिली जाऊं लागली.

शेतकऱ्यांनीं लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, ह्या धंद्याची एक मोठी शाखा शेतांतूनच निघाली आहे. अमेरिकेंत १९०१ सालीं स्थापन झालेला बटलर यांचा कारखाना आरंभीं गुरांना पाणी पाजण्याच्या पत्र्याच्या टाक्या करीत असे. पुढें धान्याच्या कोठ्या व मग इमारतींचे सांगाडे असा त्याचा विस्तार झाला. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालापासून, अमेरिकन आरमारानें अर्धगोल छपराच्या क्वॉन्सेट झोंपड्या फार मोठ्या संख्येनें करविल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील कित्येक शेतकऱ्यांनीं घेऊन कोठारें म्हणून वापरल्या. आपल्या देशांत ह्या पद्धतीच्या इमारतींचा प्रसार विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झाला. आरंभीं त्या कारखान्यांसाठीं असत. आतां गोदामें, कोंबड्यांच्या शेडा व शीतगृहें यांसाठींही त्या होऊं लागल्या आहेत.

सांगाड्याचे भाग

आमच्या वाचकांस कौलारू घराचे भाग ठाऊक आहेतच. त्यांच्या आधारानें ह्या इमारतीचे भाग सहज समजतील.

पहिला भाग मुख्य चौकट. दोन खांब व त्यांवरून आढ्यापर्यंत चढणारे दोन वासे मिळून एक चौकट होते. अशा चौकटी वीस ते पंचवीस फुटांच्या अंतरानें एकामागें एक उभ्या असतात. छपराचा सर्व भार ह्या चौकटी पायापर्यंत नेतात.

दुसरा भाग आडव्या पट्ट्या. चौकटीवरून चौकटीवर जाणाऱ्या छपरावरील पट्ट्यांस पर्लिन व भिंतींतील पट्ट्यांस गर्ट म्हणतात. जुन्या घरांत रिपांचें जें काम तेंच ह्यांचें. दीड ते तीन मिलिमीटर जाडीच्या जस्ती पत्र्यास इंग्रजी झेड किंवा सी अक्षराचा आकार देऊन त्या केलेल्या असतात. झेड आकाराच्या दोन पट्ट्या चौकटीवर एकमेकींवर चढवून बोल्टांनीं बांधितात, आणि ह्या चढावामुळें त्यांची ताकद पुष्कळ वाढते. मजूर घाईनें चढाव तोडून पट्ट्या टोंकास टोंक लावतील तर ती ताकद गेली असें समजावें.

तिसरा भाग तिरके ताण. पुस्तकें नसलेली लांकडी मांडणी बाजूनें ढकलली तर कलते. तिच्या पाठीस दोन तिरक्या पट्ट्या ठोकल्या कीं ती हलत नाहीं. चौकटींचेंही तसेंच आहे. प्रत्येक चौकट आपल्या रुंदीच्या दिशेनें भक्कम असते, परंतु लांबीच्या दिशेनें ती पानासारखी लवते. म्हणून कांहीं गाळ्यांत भिंतींत व छपरांत फुलीच्या आकाराचे ताण घातलेले असतात. त्यांस ब्रेसिंग म्हणतात. हे ताण बारीक सळईचे असल्यामुळें त्यांचें महत्त्व मालकाच्या ध्यानांत येत नाहीं, आणि दार काढण्यासाठीं अथवा ट्रॉली आंत नेण्यासाठीं ते बिनदिक्कत काढले जातात.

चवथा भाग आणखी लहान, पण त्याकडे आम्ही विशेष लक्ष वेधूं इच्छितों. वाशाच्या खालच्या कडेपासून पर्लिनपर्यंत जाणारा हातभर लांबीचा तिरका अँगल जागोजागीं असतो. वारा छप्पर वर ओढतो तेव्हां वाशाची खालची कड चेपली जाऊन बाजूला सरकूं पाहते. तिला धरून ठेवणें हें ह्या अँगलचें काम होय. "हा लहान तुकडा नाहीं लावला तर काय होणार" असें म्हणून तो पुष्कळदां जमिनीवरच पडून राहतो. काम संपल्यावर असे तुकडे जागेवर उरलेले दिसले, तर काम पुरें झालेलें नाहीं.

वाऱ्याची ओढ

शेड कशानें पडते असें विचारलें तर बहुतेक लोक "भारानें" असें उत्तर देतील. आपल्या मुलखांत छपरावर बर्फ पडत नाहीं. न चढण्याच्या पत्र्याच्या छपरासाठीं प्रमाणसंहितेंत धरावयाचा भार दर चौरस मीटरास सुमारें ७५ किलो आहे, आणि तो भार दुरुस्तीच्या मजुरांसारख्या तात्पुरत्या कारणांचा आहे. हलक्या पत्र्याच्या इमारतीचा खरा शत्रू वारा होय, आणि तो दाबून नव्हे तर उचलून पाडतो. ३ जून २०२० रोजीं रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग नांवाच्या चक्रीवादळांत असंख्य घरांचे व शेडांचे पत्रे उडाले हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

वारा छपरावरून वाहूं लागला कीं छपराच्या वरच्या अंगास हवेचा दाब कमी होतो व छप्पर वर ओढलें जातें. ही ओढ किती, याचा ढोबळ हिशेब आम्ही येथें देतों. भारतीय प्रमाणसंहिता क्रमांक ८७५ च्या तिसऱ्या भागांत देशाचे वाऱ्याप्रमाणें विभाग पाडले आहेत. त्यांत पुणें व नाशिक यांसाठीं मूळ वेग सेकंदास ३९ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें १४० किलोमीटर, धरिला आहे. मुंबई व नागपूर यांसाठीं तो सेकंदास ४४ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें १५८ किलोमीटर आहे. ३९ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरास सुमारें ९३ किलो होतो आणि ४४ मीटर वेगाचा सुमारें ११८ किलो. वेग सुमारें एक अष्टमांशानें वाढला तर दाब चतुर्थांशाहून अधिक वाढतो, कारण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. इमारतीची उंची व भोवतालची जमीन पाहून इंजिनियर ह्या आंकड्यांत कमीजास्त करितो. परंतु पुण्याच्या नकाशावर नागपुरास इमारत उठविणें कां चुकीचें, हें एवढ्यावरूनही कळून येईल.

आतां ४० फूट रुंद व ८० फूट लांब अशी शेड घेऊं. तिच्या छपराचें क्षेत्र सुमारें २९७ चौरस मीटर. पुण्याकडील दाबाच्या केवळ निम्मी ओढ छपरावर पडते असें धरिलें तरी ती सुमारें १३,८०० किलो होते. पत्रे, पर्लिन व वासे मिळून छपराचें वजन दर चौरस मीटरास २० किलो धरिलें, तर तें सहा हजार किलोंच्या आंतच भरतें. म्हणजे छप्पर आपल्या वजनानें जागेवर राहत नाहीं. सुमारें पावणेआठ टनांची ओढ उरते, आणि ती बोल्ट व पाया यांनीं धरून ठेवावी लागते.

शेडेची एक बाजू उघडी असली तर गोष्ट अधिक कठीण होते. समोरून शिरलेला वारा आंत कोंडून छपरास खालून रेटतो, आणि वरची ओढ व खालचा रेटा यांची बेरीज होते. ओढ पूर्ण दाबाइतकी धरिली तर वरच्याच शेडेवर ती २७ टनांच्या पुढें जाते. म्हणून "चारी बाजू बंद" ह्या हिशेबानें केलेल्या शेडेची एक भिंत पुढें सोयीसाठीं काढून टाकणें, किंवा वादळ येत असतां मोठें शटर उघडें ठेवणें, हें छप्पर घालविण्याचें साधन होय. वादळाची सूचना मिळतांच दारें बंद करून अडसर घालावे.

पाया

वरील हिशेब पायापर्यंत नेऊं. आमच्या उदाहरणांतील शेडेंत वीस वीस फुटांवर पांच चौकटी आहेत असें समजूं. मधल्या प्रत्येक चौकटीवर छपराचा चवथा हिस्सा येतो, व तिच्या प्रत्येक खांबावर आठवा. तेव्हां निम्म्या ओढीच्या हिशेबानें एकेका मधल्या खांबास वर उपटणारा जोर जवळजवळ एक टन, व पूर्ण ओढीच्या हिशेबानें पावणेतीन टनांच्या आसपास होतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व अर्धा मीटर जाड अशा काँक्रीटच्या ठोकळ्याचें वजन सुमारें १,२०० किलो असतें. ह्यावरून, "शेड हलकी आहे, पाया कशास मोठा हवा" हें म्हणणें किती फसवें आहे तें दिसून येईल. शेड हलकी आहे म्हणूनच पाया जड हवा. शिवाय भार पडला असतां चौकटीचे पाय बाहेरच्या बाजूस फांकूं पाहतात. तो रेटाही पायानेंच सोसावयाचा असतो.

काळ्या जमिनींत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ही जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर उथळ पाया ठेविला तर खांब वरखालीं होतात. पाया काळी माती ओलांडून कठीण मुरूम लागेपर्यंत न्यावा. काळ्या मातीचा थर फार खोल असल्यास इंजिनियरास आधींच सांगून पायाची निराळी योजना करून घ्यावी.

खांब पायास ज्या बोल्टांनीं धरलेला असतो ते काँक्रीट ओतण्यापूर्वींच लोखंडी सांच्यांत घट्ट बसवून, दोरी व ओळंबा यांनीं तपासून मग काँक्रीट ओतावें. येथें पाव इंच चूक झाली तर वरची चौकट बसत नाहीं. मग खांबाच्या तळपट्टीचीं भोकें गॅसनें मोठीं करणें किंवा बोल्ट ठोकून वांकविणें असले उपाय होतात, आणि सर्व ओढ ज्यांच्यावर यावयाची तेच बोल्ट दुबळे होतात. कारखानदार सांगाडा देतो व पाया मालकानें गांवच्या गवंड्याकडून करून घ्यावयाचा, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणीं असते. ती असण्यास हरकत नाहीं. परंतु गवंड्याच्या हातीं बोल्टांचा नकाशा व प्रत्येक खांबावरील जोराचे आंकडे लेखी दिलेले असावेत.

पत्रा व गंज

छपराचा पत्रा बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. तो घेतांना जाडी मुलाम्यासकट कीं मुलाम्याशिवाय हें स्पष्ट विचारावें. मुलामा व रंग धरून अर्धा मिलिमीटर भरणाऱ्या पत्र्यांत पोलाद त्याहून कमी असतें, आणि ताकद पोलादाचीच असते. पुष्कळ पत्र्यांवर हल्लीं ॲल्युमिनियम व जस्त यांच्या मिश्रणाचा मुलामा असतो. त्यांत ॲल्युमिनियम वजनानें ५५ टक्के व बाकीचें बहुतेक जस्त असतें. हा मुलामा पावसापाण्यांत साध्या जस्तापेक्षां अधिक टिकतो, परंतु ओल्या काँक्रीटचा व शेणामुताचा स्पर्श त्यास मानवत नाहीं. म्हणून गोठ्यासाठीं अशी इमारत करावयाची असल्यास भोंवतीं तीन ते चार फूट उंचीची विटांची किंवा काँक्रीटची भिंत घालून पत्रा त्यावरून सुरू करावा, आणि खांबाचा तळ जमिनीच्या वर काँक्रीटच्या ओट्यावर ठेवावा. रासायनिक खतांच्या गोदामासही हाच नियम लागू आहे. खतांतील क्षार व दमट हवा मिळाली कीं पोलाद लवकर गंजतें.

पत्रा धरणारे स्क्रू रबरी वायसरांसह असावेत, व ते इतकेच आवळावे कीं वायसर बसेल पण फाटणार नाहीं. वाऱ्याची ओढ छपराच्या कोपऱ्यांत, वळचणीस व आढ्यापाशीं सर्वांत अधिक असते. त्या पट्ट्यांत स्क्रू दाट घालण्याचें नकाशांत लिहिलेलें असेल तर तें पाळलें गेलें कीं नाहीं तें मोजून पाहावें. पत्र्यावर चढून पाहण्याची गरज नाहीं. खालून उजेडांत स्क्रूंचीं टोंकें मोजतां येतात.

उभारणीचे दिवस

पुरी झालेली इमारत भक्कम असते. अर्धी झालेली तशी नसते. ताण लागण्यापूर्वीं चौकटी एकट्या उभ्या असतात आणि एका सोसाट्यानें एकीमागें एक अशा पडूं शकतात. म्हणून ताण असलेल्या गाळ्याच्या दोन चौकटी प्रथम उभ्या करून, त्यांतील पर्लिन व ताण पुरे बसवून, मग पुढच्या चौकटी त्यांस जोडीत जावें. संध्याकाळीं काम थांबवितांना एकही चौकट दोरांच्या आधाराशिवाय ठेवूं नये. वळवाच्या दिवसांत तर हें विशेष पाळावें, कारण दुपारीं स्वच्छ असलेलें आभाळ तिसऱ्या प्रहरीं वादळ घेऊन येतें. उंचीवर चढणाऱ्या मजुरांस कमरेचे पट्टे व डोक्यास टोप आहेत कीं नाहींत हें मालकानेंही पाहावें. काम ठेकेदाराचें असलें तरी माणूस आपल्या शेतांत काम करीत असतो.

वापरांत घ्यावयाची काळजी

शेतीचे उपयोग कारखान्यापेक्षां निराळे असल्यामुळें खालील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

१. भिंतीच्या पत्र्यास टेकून सुट्या धान्याचा किंवा पोत्यांचा ढीग करूं नये. गर्ट व पत्रे वाऱ्याच्या हिशेबानें केलेले असतात, धान्याच्या रेट्याच्या नव्हे. थप्पी भिंतीपासून दोन फूट दूर ठेवावी. हवा खेळण्यास व उंदीर दिसण्यासही तें अंतर उपयोगी पडतें.

२. वाशास किंवा पर्लिनला साखळी बांधून इंजिन उचलणें, चारा टांगणें, झोके बांधणें हे प्रकार करूं नयेत. असा भार हवाच असेल तर तो आधीं हिशेबांत घालावा.

३. छपरावर सौर तक्ते बसविण्याचा विचार असेल तर तो इमारत मागवितांनाच सांगावा. तक्त्यांचें वजन दर चौरस मीटरास सुमारें १२ ते १५ किलो असतें, व त्यांच्यामुळें वाऱ्याचा जोरही बदलतो.

४. कडबा व वाळलें गवत मुख्य शेडेंत सांठवूं नये. पोलाद जळत नाहीं, पण सुमारें ५५० अंश सेल्सिअस उष्णतेस त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. बारीक पोलाद तर ह्या उष्णतेस लवकरच पोंचतें, आणि मग सर्व सांगाडा एकदम खालीं येतो. गंजी वेगळी व दूर असावी.

५. बंद पत्र्याच्या शेडेंत दिवसां हवा तापते व थंडीच्या रात्रीं पत्र्याच्या आंतील अंगास दंव धरून तें थेंब थेंब गळतें. धान्यासाठीं व जनावरांसाठीं आढ्यावर हवा जाण्याची वाट, भिंतीच्या वरच्या भागांत जाळ्या, आणि शक्य तर पत्र्याखालीं उष्णता अडविणारा थर हीं सोडूं नयेत. कांद्यास तर चाळीसारखी खालून व बाजूंनीं हवा खेळणारी रचनाच हवी. बंद शेडेंत तो कुजतो.

६. ताण, लहान अँगल, बोल्ट यांपैकीं कांहींही काढावयाचें किंवा वाशांत भोंक पाडावयाचें झाल्यास ज्यानें हिशेब केला त्यास विचारल्याशिवाय हात लावूं नये. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं बोल्ट घट्ट आहेत कीं नाहींत, ताण ढिले पडले आहेत काय, आणि पन्हळी तुंबल्या आहेत काय, हें एकदां फिरून पाहावें.

करार करण्यापूर्वीं

शेडेचा दर कोठें किलोवर तर कोठें चौरस फुटावर सांगतात. किलोवर दर असला तर वजन वाढविण्यांत विकणाऱ्याचा फायदा, आणि चौरस फुटावर असला तर तें कमी करण्यांत. म्हणून केवळ दरांची तुलना करून कांहींच कळत नाहीं. दोन ठेकेदारांचे भाव तोलावयाचे असतील तर दोघांचे हिशेब एकाच वाऱ्याच्या वेगावर, एकाच भारावर व एकाच मापाच्या इमारतीवर केलेले असले पाहिजेत. ठेकेदाराकडून पुढील गोष्टी लेखी घ्याव्या : धरलेला वाऱ्याचा वेग व प्रमाणसंहितेचें नांव, छपरावरील भार, पोलादाची ताकद व तिचा कारखान्याचा दाखला, पत्र्याची मुलाम्याशिवायची जाडी व मुलाम्याचें वजन, पायाच्या बोल्टांचा नकाशा व खांबांवरील जोर, आणि जबाबदार इंजिनियराच्या सहीचे सर्व नकाशे. हे नकाशे शेतीच्या दस्तऐवजांबरोबर जपून ठेवावे. दहा वर्षांनीं शेड वाढवावयाची झाली तर त्यांच्यावांचून कोणासही नेमकें सांगतां येणार नाहीं. मालकानेंही आपल्या बाजूनें कांहीं लपवूं नये. शेड उघडी राहणार कीं बंद, आंत काय सांठविणार, पुढें कोणत्या बाजूस वाढविणार, हें खरें सांगावें. खोट्या माहितीवर केलेला बरोबर हिशेबही खोटाच ठरतो.

वीस-पंचवीस फूट रुंदीच्या लहान गोठ्यास अथवा पडवीस ह्या पद्धतीची आवश्यकता नाहीं, हेंही आम्ही सांगून ठेवितों. तेथें साधी कैची, पाइपाचे खांब व कौल किंवा पत्रा हीं स्वस्त पडतात व गांवच्या कारागिरास दुरुस्तही करतां येतात. मात्र पायाचे बोल्ट व तिरके ताण तेथेंही हवेतच. मधल्या खांबांवांचून मोठी मोकळी जागा हवी असते, काम थोड्या दिवसांत उरकावयाचें असतें आणि पुढेंमागें इमारत लांबवावयाची असते, तेथें पूर्वयोजित इमारत आपली किंमत पुरी वसूल करून देते.

बियाणें घेतांना आपण पिशवीच्या रंगावर जात नाहीं. उगवण किती, तें विचारतों. पोलादी इमारत घेतांनाही पत्र्याच्या रंगावर न जातां तिच्यामागील हिशेब मागावा, तो कळत नसल्यास जाणत्या इंजिनियराकडून तपासून घ्यावा, आणि जो ठेकेदार तो दाखविण्यास कांकूं करील त्यास विसार देऊं नये. वर्षाचें पीक व घरचीं जनावरें ज्या छपराखालीं ठेवावयाचीं, त्याच्याविषयीं एवढी चौकशी करणें हा प्रत्येक खातेदाराचा हक्क आहे व कर्तव्यही आहे.